राजवाड्यातला अर्धा डाव

एका राज्यात एक राजकन्या खेळता खेळता नाहीशी झाली. दोष तिच्या बापाचा होता. ग्रहांचा नव्हता, चेटकिणीचा नव्हता, मागच्या जन्माचाही नव्हता. मोठ्या माणसांनी काही बिघडवलं की ती आधी आकाशाकडे बोट दाखवतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. राजा चंडकेतु. त्याच्याच हातून झालं आणि मत्सरापायी झालं. मत्सर शेजारच्या राजाचा असता तर एक वेळ समजलो असतो. याला मत्सर होता स्वतःच्या एवढ्याशा पोरीचा.

त्या राज्याची एक रीत होती. राजघराण्यातल्या मुलाचा पहिला दुधाचा दात पडला की त्याचा खेळ काढून घ्यायचा. राजमांत्रिक काळबोध मंत्र म्हणायचा, मूल एकदा खोकायचं आणि खेळ तोंडावाटे बाहेर पडायचा. कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा पेरूएवढा. तो मातीच्या मडक्यात घालायचा. मडक्याच्या तोंडाला लाख लावायची आणि लाख ओली आहे तोवर बापाने तिच्यावर आपला अंगठा उमटवायचा. मग मडकं तळघरात, नागाच्या पहाऱ्यात. वर दरबारात पेढे. या विधीला खेळभरणी म्हणत. दुसऱ्या दिवसापासून पोर मांडी घालून गप्प बसायचं, आणि म्हातारे एकमेकांना सांगायचे, पाहा, कसं वळण लागलं.

वळण कसलं डोंबलाचं. आपला गेला, मग याचा का राहावा, एवढंच त्यात होतं. बापाने मुलाचा भरला, मुलाने नातवाचा. मत्सर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि त्याला रीत असं नाव मिळालं.

राणी कनकगौरी परमुलखातली. तिच्या माहेरी असली रीत नव्हती, म्हणून तिचा खेळ तिच्याजवळच होता. राजकन्या इंदुला चालू लागली तसा रोज दुपार कलली की मायलेकींचा लपंडाव सुरू व्हायचा. आतल्या चौकात एक उंबर होता आणि उंबराजवळ एक दगडी खांब. तो खांब म्हणजे भोज्या. जिच्यावर शोधायची पाळी, तिच्यावर राज्य. तिने भोज्याला तोंड लावून डोळे झाकायचे. आकडे मोजायचं काम उंबरावरच्या तांबट पक्ष्याचं. तो टुक टुक करायचा, मायलेकी त्याच्याबरोबर मोजायच्या. लपलेलीने पळत येऊन खांबाला हात लावला आणि साईसुट्ट्यो म्हटलं की ती सुटली, डाव संपला.

वरच्या सज्जात राजा उभा राहून हे बघायचा. खालून हसण्याचा आवाज आला की त्याचं पोट जळायचं. वैद्य त्याला आम्लपित्तावर चूर्ण देत असत.

एके दिवशी त्याला राहवेना. तो खाली उतरला.

"आम्हीही खेळणार," राजा म्हणाला.

"या ना बाबा," इंदुला म्हणाली. "आधी तुम्ही लपा."

राजा झाडामागे उभा राहिला. मुकुट बाजूने दिसत होता. राणीने डोळे उघडले, मुकुट पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. राजा जिंकला. पुढच्या डावात राज्य त्याच्यावर आलं, तेव्हा त्याने भालदारांना शोधायला पाठवलं. दोघे भालदार इंदुलाला दंडाला धरून घेऊन आले.

पोर रडली नाही. खरं होतं ते बोलली.

"बाबा, तुम्हाला खेळता येत नाही. तुम्ही वर जाऊन बघा. बघता तुम्हाला छान येतं."

राजा वर गेला. शत्रूने वेढा दिला तेव्हाही त्याचा चेहरा इतका उतरला नव्हता. खाली पुन्हा टुक टुक सुरू झालं. राणीने खांबाला तोंड लावलं, इंदुला लपायला पळाली, पळता पळता तिचं हसू सांडत गेलं. ते ऐकून राजाने काळबोधाला बोलावलं.

"राजकन्येचा खेळ भरा."

"महाराज, दात अजून पडलेला नाही."

"पडेल. भरा."

"खाली डाव चालू आहे, महाराज. चालू डावात खेळ भरू नये असं शास्त्र आहे. निदान डाव तरी—"

"आत्ता, काळबोध."

काळबोधाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. त्याला गाव इनाम मिळालं होतं ते याच गुणावर. त्याने मंत्र म्हटला. खाली कुठेतरी एक बारीकसा खोकला ऐकू आला. कोवळ्या आंब्याएवढा एक खेळ वर तरंगत आला आणि मडक्यात पडला. राजाने गरम लाखेवर अंगठा दाबला. अंगठा भाजला, त्याला बरं वाटलं.

त्या क्षणी ज्याच्या हातात जे होतं ते अर्धंच राहिलं.

मुदपाकखान्यात पुरण शिजत होतं, ते शिजेना आणि करपेनाही. देवळात आरती चालू होती, ती शेवटच्या कडव्याशी अडली. कारभाऱ्यांच्या नाकाशी शिंक आली होती, ती तिथेच राहिली. प्रधानाच्या मुलीचं लग्न राजवाड्याच्या ओसरीत लागत होतं. भटजींना शेवटचं मंगलाष्टक संपवता येईना. नवरानवरी संध्याकाळी आपापल्या घरी जायची आणि सकाळी पुन्हा अंतरपाटाच्या दोन बाजूंना येऊन उभी राहायची. राजाचा म्हातारा बाप, थोरले महाराज वीरकेतु, विडा चघळत होते. तो गिळता येईना, थुंकता येईना. राणी कनकगौरी खांबाशी मोजत होती. तिचे आकडे संपेनात, म्हणून तिचे हात डोळ्यांवरून निघेनात. दासी तिला घास भरवू लागल्या.

राजाच्या हातात त्या वेळी काही नव्हतं. पोटात मत्सर होता. तोही अर्धाच राहिला, संपेना.

आणि इंदुला लपली होती, ती लपलेलीच राहिली.

सैन्याने राजवाडा पालथा घातला. भिंती खणल्या, विहिरी उपसल्या. काळबोध वटवाघूळ होऊन गवाक्षातून उडून गेला. सल्लागारांचं असंच असतं. राजाने इंदुलाच्या मडक्याच्या लाखेवर पुन्हा अंगठा ठेवला. लाख वितळली, खेळ बाहेर आला आणि भुर्रकन उडून पोरीकडे परत गेला. कुठे गेला ते दिसलं नाही. कुठूनतरी हसू दाबल्याचा आवाज तेवढा आला. पोर मजेत होती. सापडत नव्हती.

राजा चौकात आला. राणी खांबाशी उभी होती.

"कनकगौरी, ती कुठे लपते ते तुला ठाऊक असेल."

"महाराज, सांगितलं तर तो रडीचा डाव होईल," राणी म्हणाली आणि पुढे मोजू लागली.

तेव्हाही राजाच्या मनात काय आलं, तर पोर हिच्यासाठी लपली आहे, माझ्यासाठी नाही.

उंबरावरचा तांबट टुक टुक करायचा थांबला. त्या राज्यात पक्ष्यांना वाटलं तर ते बोलत असत.

"राजा, शिपाई परत बोलाव," तांबट म्हणाला. "ज्याच्यावर राज्य आहे त्यालाच लपलेलं मूल सापडतं."

"राज्य माझंच आहे."

"ते निराळं. हे राणीवर आहे आणि तिचे आकडे संपायचे नाहीत. ते तिच्याकडून कुणीतरी घ्यायला हवं. ज्याच्याजवळ खेळ आहे त्यालाच घेता येतं, आणि जो बाप आहे त्यानेच घ्यायला हवं, कारण डाव त्याने मोडला. तुझा खेळ तळघरात आहे."

"मग मी काय करू?"

"तीन गोष्टी. पहिली, हरून ये, आणि हरल्यावर गप्प बस. दुसरी, रयतेच्या मध्यात डोळे बांधून घे. तिसरी, ज्याने तुझं मडकं बंद केलं त्याच्याच हातून, त्याच्या खुशीने ते उघडून घे. क्रम बदलू नको. आणि रेंगाळू नको. लपलेल्या मुलाचं वय थांबत नाही, राजा. ते दाराशी साठत राहतं. डाव संपेल तेव्हा सगळं एकदम आत येईल."

एवढं बोलून तांबट पुन्हा मोजू लागला.

रेंगाळू नको, हे त्याने स्पष्ट सांगितलं होतं. पुढे जे झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवावं.

राजा कोटाबाहेर कुंभारआळीत गेला. तिथे पोरं विटीदांडू खेळत होती. धोंडबा कुंभाराची सगुणी त्यांची म्होरकी. नाक वाहतं, जीभ त्याहून वाहती. धोंडबाही कोपरापर्यंत चिखलाने माखलेला, चाक तसंच सोडून मध्येच येऊन एक टोला मारून जायचा. टोला चुकला की सगुणी त्याला म्हणायची, "बाबा, तू आपली मडकी बघ." आणि बाप हसत हसत मडकी बघायला जायचा. ते राजाला पाहवेना. याच्याकडे काय आहे? एक चाक, दोन गाढवं. मग हा का हसतो?

"आम्हाला डाव द्या," राजा म्हणाला.

सगुणीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "राजे, तुम्ही कच्चं लिंबू. तुमच्यावर डाव येणार नाही."

"आम्ही पक्केच खेळणार."

"मग रडायचं नाही."

राजाने दांडू उचलला, विटी उडवली आणि जोरात हाणली. सगुणीने ती वरच्या वर झेलली.

"वारा होता," राजा म्हणाला.

"रडीचा डाव," सगुणी म्हणाली. बाकीची पोरं गाऊ लागली. राजा तणतणत परतला आणि राज्यातले सगळे दांडू जप्त करायचा हुकूम त्याने काढला. शिपायांनी दांडूंची मोळी बांधून आणली. दुसऱ्या दिवशी पोरांनी बाभळीचे नवे तासले.

आंब्याला मोहोर आला, कैऱ्या लागल्या, उतरल्या. राजा पुन्हा गेला. या वेळी विटी वाकडी होती. पुढच्या वेळी ऊन डोळ्यांवर होतं. एकदा तर त्याने सांगितलं की राजाचा झेल झेलणं हा राजद्रोह आहे. मध्ये तो महिनेच्या महिने गेलाच नाही. सज्जात बसून राहिला, धोंडबावर कर वाढवावा की कसं याचा विचार करत. सगुणीचे दात पडले, नवे आले. चौकात तांबट मोजत होता.

शेवटी एका सकाळी विटी उडाली, सगुणीने झेलली आणि राजा काहीच बोलला नाही.

पोरं वाट पाहत राहिली.

"वारा नव्हता?" सगुणीने विचारलं.

राजाने दांडू खाली ठेवला, धुरळ्यात बाजूला जाऊन बसला. गप्प. सगळा खेळ होईपर्यंत तो तसाच बसला आणि कुणी झेल सोडला की मान हलवू लागला.

उठताना सगुणी म्हणाली, "उद्या येणार का?"

राजाला आजवर किती तरी लोकांनी या म्हटलं होतं. येणार का, असं कुणी विचारलं नव्हतं.

पहिली गोष्ट झाली. दुसरीला त्याहून उशीर लागला, कारण दुसरीची त्याला भीती होती. ज्या राजाने लोकांच्या म्हशी फौजेसाठी ओढून नेल्या, ज्याने विहिरींवर पहारे बसवले, तो भर बाजारात डोळे बांधून कसा उभा राहील? तो झोपायचा तेव्हाही चार भाले उशाशी असायचे. उद्या करू, दसरा होऊ दे, संक्रांत होऊ दे, थंडी सरू दे. बाप माणसं अशीच उद्यावर ढकलतात आणि मग पोर मोठं कधी झालं कळलं नाही म्हणून चारचौघांत डोळे पुसतात.

एकदाचा तो बाजारात आला. भालदारांना त्याने वेशीबाहेर उभं केलं.

"आंधळी कोशिंबीर खेळायची आहे," तो म्हणाला. "आंधळा मी."

सगुणीने बापाचा पंचा आणला आणि करकचून बांधला. तिने त्याला गरगर फिरवलं आणि सोडून दिलं. आधी कुणी पुढे येईना. मग एका गवळणीने त्याच्या पाठीत हलकेच बोट खुपसलं. काही झालं नाही. मग तिने दोन्ही हातांनी ढकललं.

"हे माझ्या चंद्री म्हशीचं," ती कुजबुजली.

मग सगळा बाजार लोटला. तेल्याने टपली मारली. भाजीवालीने ओल्या मेथीची जुडी कानावर हाणली. एका जुन्या शिपायाने धोतराचा सोगा ओढला. राजा हात पसरून धडपडत होता, पडत होता, उठत होता. कुणी ढकललं हे त्याने एकदाही विचारलं नाही. शेवटी त्याच्या हाताला एक कान लागला. त्याने तो घट्ट धरला आणि म्हणाला, "सापडलं."

पंचा सोडला. तो गाढवाचा कान होता, आणि गाढवाच्या डोक्यावर राजाचा मुकुट होता.

ज्याने मुकुट चढवला होता त्याला घाम फुटला.

राजाने गाढवाचा कान सोडला. "त्याला बरा दिसतो," तो म्हणाला.

लोक हसले. राजाला हसावंसं वाटलं, घशात काहीतरी हललं, पण हसू तळघरात बंद होतं.

आता तिसरी. राजा तळघरात गेला. नागाने फणा काढला, त्याला ओळखलं आणि शेपटीने एक मडकं पुढे सरकवलं.

"ने," नाग म्हणाला. "फोडू मात्र नको. फोडलंस तर आतल्याची राख होते."

मडकं काखेत मारून राजा बापाच्या महालात गेला. वीरकेतु लोडाला टेकले होते. गालात तोच विडा.

"आबासाहेब, अंगठा हवा."

"मिळणार नाही," म्हातारा विड्याआडून म्हणाला.

"नात लपून राहिली आहे."

"राहू दे. गुणी पोर. आवाज नाही."

"आबासाहेब."

"माझ्या मडक्यावर माझ्या बापाचा अंगठा आहे. तो चितेवर जळला. माझं कधी उघडायचं नाही, मग तुझं का उघडावं? तू लहानपणी त्या चौकात लोळायचास आणि हसायचास. मी वरून ऐकायचो. तुझा दात पडायची वाट पाहून कंटाळलो मी, चंडकेतु. तो पडला नव्हता. मी पाडला."

राजा ओरडला. अंधारकोठडीची धमकी दिली. शत्रूशी करतात तसे साम, दाम, दंड, भेद सगळे करून झाले. अंगठा खुशीने उमटायला हवा होता, त्यामुळे कशाचा उपयोग होईना. तो पावसाळा असा गेला, पुढचाही गेला. रोज तो मडकं घेऊन जायचा, रोज भांडून परत यायचा. दोघांचे गाल सारखेच फुगलेले असायचे, एकाचा रागाने, एकाचा विड्याने.

मग एकदा तो कुंभारआळीतून खेळून आला होता. हरला होता आणि गप्प बसला होता. बापासमोर बसला, तेव्हा त्याला म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एक ओळखीची गोष्ट दिसली. सज्जातून खाली बघणाऱ्या माणसाचे ते डोळे होते. तेच जळणं त्याच्या स्वतःच्या पोटात अर्धं राहिलं होतं.

"आबासाहेब," तो म्हणाला, "यातला अर्धा तुम्ही घ्या."

म्हातारा ताठ बसला. "अर्धा?"

"हो."

"कुठला अर्धा? मोठा की लहान?"

"मोठा तुम्हाला."

"आणि आधी मी घेणार."

"आधी तुम्ही घ्या."

वीरकेतुंनी लगबगीने हात पुढे केला आणि लाखेवर अंगठा दाबला. आपल्या मुलाने असं का म्हटलं, हे त्यांनी विचारलं नाही. आभारही मानले नाहीत. लाख वितळली. मडक्यातून ओल्या चिखलाचा आणि मांजराच्या पिलाचा वास आला. मोठा अर्धा म्हाताऱ्याने गिळला आणि काठी टाकून तो जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली गेला. त्याला त्याची काही किंमत मोजावी लागली नाही. म्हाताऱ्यांना लागत नाही.

लहान अर्धा राजाने तोंडात टाकला. त्याच्या गुडघ्याला एकदम खाज सुटली. पाहिलं तर तिथे एक ताजी खपली होती, लहानपणी बुजायची राहून गेलेली. तळपायांना फरशी थंड लागली. खिडकीतून उंबराची वाकलेली फांदी दिसली आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, हिला लोंबकळता येईल. मुकुट लोडावर ठेवून तो धावत चौकात गेला.

"कनकगौरी, तुझं राज्य माझ्यावर."

राणीचे आकडे थांबले. तिने हात खाली घेतले. केसांत रुपेरी बटा आल्या होत्या, डोळ्यांना उजेड सोसेना. नवऱ्याच्या गुडघ्यावरची खपली तिला दिसली, आणि ती बाजूला झाली.

राजाने खांबाला तोंड लावलं. खडबडीत दगड कपाळाला टोचला. तांबटाबरोबर तो मोजत गेला आणि आकडे संपले.

मग तो शोधू लागला. राजासारखा नाही, रांगत. पलंगाखाली गेला, कोठीतल्या कणग्यांमागे गेला, शिंक्याखाली गेला. गालिच्यांखाली त्याला प्रधानांच्या पिंका सापडल्या, पडद्यांमागे वर्षानुवर्षांची जळमटं. हातापायांवर चालणाऱ्याला राजवाडा निराळाच दिसतो. आणि प्रत्येक कोपऱ्यात डोकं घालताना त्याच्या छातीत धडधडत होतं, आता असेल, इथे असेल. ती भीती नव्हती. ती मजा होती. त्याला कळलं की पोर इतक्या वर्षांत का कंटाळली नाही. लपलेल्याला आणि शोधणाऱ्याला एकच गुदगुली होत असते.

दरबारात कुणी नव्हतं. सिंहासनाच्या झालरीखाली पायाची इवलीशी बोटं दिसली. बोटं एकमेकांवर चढवलेली, हसू दाबताना चढवतात तशी.

ती त्याच्या बैठकीखाली लपली होती. शोधायला कधीतरी बाबा येतील, अशा बेताने.

राजाने झालर उचलली. इंदुला होती तेवढीच होती, तोच परकर, तेच विसकटलेले केस.

"बाबा? तुमच्यावर आहे?"

"माझ्यावर आहे."

"शिपाई?"

"नाहीत."

पोरीने क्षणभर त्याला न्याहाळलं, आणि त्याच्या काखेखालून सुळकन निसटून पळाली.

राजा मागे धावला. दरबार, ओसरी, चौक. पोर हसत होती, राजा हसत होता. ते हसू इतकं जुनं होतं की बाहेर पडताना घोगरं झालं. त्याला धाप लागली, ठेच लागली, खांद्यावरचा शेला उडून हौदात पडला. इतका आनंद त्याला राज्याभिषेकालाही झाला नव्हता. उंबर जवळ आला. खांब जवळ आला. आणि तेव्हा त्याला तांबटाचे शब्द आठवले.

तिने खांबाला हात लावला की डाव संपणार होता. दाराशी साठलेलं सगळं आत येणार होतं.

तो तिच्या पाठीशी होता. हात लांबवला असता तर परकर हाताशी आला असता. धरली असती, उचलून घेतली असती, खांबाला शिवू दिलं नसतं, तर डाव अर्धाच राहिला असता. पोर एवढीच राहिली असती, जन्मभर, फक्त त्याची. पोटातला अर्धा मत्सर म्हणाला, धर. सगळ्या जगाला आपल्या पोरांची दुपार मिळते. तुला एवढीच मिळाली. धर तिला.

राजाने हात पुढे केला. ओसरीत अंतरपाटापाशी प्रधानाची मुलगी उभी होती, केस पिकायला लागलेली. कनकगौरी डोळे चोळत बघत होती.

त्याने हात मागे घेतला.

इंदुलाने खांबाला थाप मारली आणि गळा फाडून साईसुट्ट्यो म्हणाली.

राजवाडाभर एकदम गोष्टी संपू लागल्या. पुरण शिजलं. आरतीचं शेवटचं कडवं निघालं. भटजींनी मंगलाष्टक पूर्ण केलं, अंतरपाट पडला, अक्षता उडाल्या. कारभारी शिंकले, ते लागोपाठ दिवसभर शिंकत राहिले. जिन्याखाली थोरले महाराज विडा थुंकून पुन्हा वर चढू लागले, कठड्यावरून घसरायला. राजाच्या पोटातला मत्सरही संपला. तो जळत संपला नाही, नुसता संपला, मागे पोकळ जागा ठेवून.

आणि खांबाशी इंदुला वाढली. ती हसतच होती आणि हसता हसता उंच होत गेली. परकर घोट्यांवरून पोटऱ्यांवर आला. चेहरा लांबट झाला, आवाज बदलला. हसू थांबलं तेव्हा तिथे एक शेलाटी, गंभीर मुलगी उभी होती, आईच्या खांद्याला लागेलशी. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"हो," राजा म्हणाला.

"आणखी एक डाव खेळायचा का?"

तिने विचारलं ते त्याच्यासाठी. त्याच्या लक्षात आलं. त्याने मान हलवली, नको.

राजाने खेळभरणीची रीत बंद केली. लाखेची भट्टी विझवली, रिकामी मडकी धोंडबाला परत केली आणि ज्यांच्या बापांचे अंगठे जळून गेले होते त्यांची मडकी नागापाशी तशीच ठेवली. वटवाघळांना राजवाड्यात थारा नाही असा हुकूम निघाला. कुंभारआळीतली लहान पोरं दुपारी चौकात येऊ लागली. राजा त्यांच्याबरोबर मन लावून खेळायचा, चांगला खेळायचा, आणि हरला तर गप्प बसायचा. इंदुला पारावर आईजवळ बसून वाचायची. कधी मान वर करून बघायची.

बापाबरोबर ती पुन्हा कधी खेळली नाही. आपल्या मुलीबरोबर राजाला जन्मात एकच खरा डाव मिळाला.